वाचकांचे प्रश्न: माल मागून येतो, माहिती आधी पोचते

आयात-निर्यात आणि कस्टम्सचं काम ऑनलाइन झाल्यावर नक्की काय बदललं यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि पत्रं इतकी आली की सगळी घेणं शक्यच नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांची अडचण एकत्र दिसली ती निवडलीत. मी स्वतः बरीच वर्षं शिपिंगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काढली, टाइपरायटरवरच्या कार्बन कॉप्यांपासून पोर्टलवरच्या फॉर्मपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळे काही ठिकाणी पुस्तकापेक्षा अनुभवाने बोलले असेन. नियम देशागणिक वेगळे असतात, तेव्हा मुदती आणि मर्यादा आपल्या कस्टम्स ब्रोकरकडून एकदा पडताळूनच घ्या.

प्रश्न: ताई, सगळं पेपरलेस झालं म्हणतात, आम्ही पोर्टलवर सगळं अपलोड करतो, तरी बँक आणि शिपिंगवाले ओरिजिनल कागद मागतातच. मग डिजिटल झालं म्हणजे झालं तरी काय?

तुमची चिडचिड अगदी रास्त आहे, पण यात सगळे कागद एका मापाने मोजू नका. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट हे नुसती माहिती सांगणारे कागद, ते पीडीएफ असले काय नि पोर्टलवरचा डेटा असला काय, काम भागतं. माल ताब्यात घेतल्यावर जहाज कंपनी देते त्या बिल ऑफ लेडिंगचं तसं नाही. तो एकच कागद मालाची पावती असतो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा कागदही असतो, ज्याच्या हातात ओरिजिनल त्याला माल. म्हणून तर त्यावर बँक पैसे देते, एलसी (कागद बरोबर असले की पैसे देण्याची बँकेची हमी) चालते आणि माल भर समुद्रात असताना तो तिसऱ्यालाच विकताही येतो. आता पीडीएफच्या तर हव्या तेवढ्या कॉप्या निघतात, मग त्यातली खरी कुठली आणि ती कोणाच्या ताब्यात, हे ठरवायचं कसं?

गाडी इथेच अडली होती, आणि ती कॉम्प्युटरपेक्षा कायद्यापाशी जास्त अडली होती. शिपिंगच्या करारांचा फार मोठा भाग इंग्लिश कायद्याने चालतो आणि त्या कायद्यात २०२३ पर्यंत 'ताबा' म्हणजे हातात धरता येईल अशा वस्तूचाच ताबा. इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ लेडिंगची सोय १९९९ पासून होती, पण ती क्लबसारखी, म्हणजे विकणारा, घेणारा, बँक, जहाज कंपनी सगळे त्याच सिस्टिमचे मेंबर असले तरच उपयोग, एकजण बाहेरचा निघाला की परत कागद छापा. मग २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने एक नमुना कायदा आणला, त्यात साधारण असं म्हटलंय की इलेक्ट्रॉनिक नोंद एकमेव आहे हे ओळखता आलं, तिच्यात गुपचूप बदल होत नाही याची खात्री असली आणि ती एका वेळी एकाच्याच कंट्रोलमध्ये राहते असं दाखवता आलं, की तिला कागदासारखंच मानायचं. बहारीनने तो २०१८ मध्ये पहिल्यांदा घेतला, सिंगापूरने २०२१ मध्ये, आणि सप्टेंबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारी कागदपत्रांचा कायदा लागू झाला, तो माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा. २०२३ मध्येच मोठ्या कंटेनर कंपन्यांनी २०३० पर्यंत पूर्ण इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ लेडिंगवर जायचं जाहीर केलं. पण मालाच्या वाटेवर एक जरी देश असा असला की जिथे हा कायदा नाही, तर तिथली बँक कागदच मागणार, आणि तिचंही चुकत नाही, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ तिच्यावर येते.

तोवर एक करा. घेणारा जुना, खात्रीचा असेल, मधे बँकेचं कर्ज नसेल आणि माल वाटेत विकायचा नसेल, तर ओरिजिनलचा सेट काढायचाच कशाला, सी वेबिल घ्या. त्याला कागद हातात देण्याची गरजच नसते, ज्याचं नाव लिहिलंय त्याला ओळख पटवून माल मिळतो. कित्येक जण केवळ सवयीने ओरिजिनल काढतात, मग जहाज आधी पोचतं, कुरियर मागे राहतो आणि पोर्टवर रोजचं डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, चढत जातं.

प्रश्न: सिंगल विंडो म्हणजे सगळी लायसन्सं एकाच ठिकाणी मिळतात असं समजायचं का?

मिळत नाहीत, मागता येतात. म्हणजे कस्टम्स, आरोग्य, शेती, बंदर अशा पाचदहा खात्यांना तीच तीच माहिती वेगवेगळ्या फॉर्मवर देण्यापेक्षा एकदाच एका ठिकाणी द्यायची, ती आतल्या आत सगळ्यांकडे जाते आणि उत्तरंही तिथेच येतात. सिंगापूरने १९८९ मध्ये ट्रेडनेट सुरू केलं तेव्हा परवान्याचं दिवसांचं काम मिनिटांवर आलं, तेच उदाहरण समोर ठेवून बाकीचे देश निघाले. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रेड फॅसिलिटेशन करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला, त्यात सिंगल विंडो उभारायचा प्रयत्न करायचं कलमच आहे. शिवाय ज्या देशांना स्वतःची सिस्टिम बांधणं परवडत नाही त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचं असिकुडा सॉफ्टवेअर आहे, १९८० च्या दशकापासून चालतंय आणि कितीतरी गरीब देशांची कस्टम्स त्यावरच उभी आहे, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगते.

खिडकी एक असली तरी मागे टेबलं तेवढीच असतील, आणि प्रत्येक टेबलावर पोर्टलवरची माहिती परत प्रिंट काढून फाइलला लावली जात असेल, तर तुमचा वेळ वाचत नाही. असं होताना मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं, कारण पैसा खर्च होऊन बसलेला असतो आणि त्रास व्यापाऱ्याचा दुप्पट झालेला असतो, कागदाचा एक आणि स्क्रीनचा एक.

प्रश्न: शेजारच्या युनिटचा आणि आमचा माल एकच, देश एकच, पण त्यांचा लगेच सुटतो आणि आमचा दर तिसरा कंटेनर तपासणीला लागतो. कॉम्प्युटर आमच्यावर खार खाऊन आहे का?

खार नाही, पण तुमच्याबद्दल त्याच्याकडे काहीतरी जमा झालंय हे नक्की. सगळे कंटेनर उघडून बघणं कोणत्याच कस्टम्सला शक्य नाही, तसं केलं तर बंदर दोन दिवसात तुंबेल, म्हणून आता रिस्क मॅनेजमेंट चालतं. तुमची घोषणा, म्हणजे मालाचा तपशील देणारा कस्टम्सचा फॉर्म, सिस्टिममध्ये पडली की ती बऱ्याच गोष्टी ताडून बघते, माल कोणता, कुठल्या देशातून, कुठल्या वाटेने, किलोमागे किंमत किती पडते आणि ती तशाच बाकीच्या मालाच्या मानाने फारच कमी तर नाही ना, पूर्वी तुमच्या कागदात किती चुका सापडल्यात, आणि त्यावरून ग्रीन म्हणजे सरळ सोडा, यलो म्हणजे कागद बघा, रेड म्हणजे माल उघडा, असं साधारण ठरतं. रंगांची नावं देशोदेशी थोडी बदलतात.

त्यात काही निवडी मुद्दाम कशाही, चिठ्ठी काढल्यासारख्या केल्या जातात आणि त्या करायलाच हव्यात. कारण सिस्टिमला ज्यांच्यावर संशय आहे त्यांनाच फक्त तपासलं तर चोरी त्यांच्याकडेच सापडणार, मग संशय आणखी पक्का होणार, आणि ज्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही ते कायम स्वच्छ ठरणार. मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून कॉम्प्युटरने स्वतःच अंदाज बांधायला शिकणं, आल्यापासून हा धोका जास्त वाढलाय असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून माल अडवला तर कारण विचारायचा आणि निर्णयाविरुद्ध दाद मागायचा रस्ता खुला असलाच पाहिजे, ट्रेड फॅसिलिटेशन करारातही अपिलाचा हक्क दिलेला आहे, तो वापरा. कॉम्प्युटरने ठरवलं हे उत्तर मुकाट्याने घेऊ नका.

तुमच्यापुरतं म्हणाल तर मागच्या वर्षभराच्या घोषणा काढून बसा. बहुतेक वेळा इनव्हॉइसवरचं वजन एक, पॅकिंग लिस्टवरचं दुसरं आणि वजनकाट्याचं तिसरं असतं, नाहीतर मालाचं वर्णन दर वेळी वेगळ्या शब्दात असतं, आपल्याला ते किरकोळ वाटतं पण सिस्टिमला ती विसंगती म्हणूनच दिसते आणि ती विसरतही नाही. शेजाऱ्यांकडे कदाचित ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटरचा दर्जा असेल, तेही विचारून बघा. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये सेफ म्हणून जी चौकट केली त्यातून हे आलं, तुमचे हिशेब, गोदामाची सुरक्षा, मागचं रेकॉर्ड एकदा नीट तपासून घेतलं की रोजच्या तपासण्या कमी होतात. छोट्या युनिटला ती तयारी जड जाते हे खरं, पण पूर्ण दर्जा नाही मिळाला तरी त्या तयारीने निम्म्या चुका घरातच सापडतात.

प्रश्न: एचएस कोड शोधायला आता एआयची टूल्स आलीत. वर्णन टाकलं की कोड देतात. त्यावर विसंबलं तर चालेल? ब्रोकरचे पैसे वाचतील.

या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना बघितलंय.

आधी कोड म्हणजे काय ते, तर कस्टम्ससाठी माल कुठल्या वर्गात मोडतो ते सांगणारा आकडा, त्यावरूनच ड्यूटी ठरते. हार्मोनाइज्ड सिस्टिम १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे, पहिले दोन आकडे चॅप्टर, चार आकडे हेडिंग, सहा आकडे सबहेडिंग, आणि इथपर्यंत सगळ्या जगात एकच भाषा. सहाच्या पुढे प्रत्येक देश आपले आकडे जोडतो, म्हणून निर्यातीचा पूर्ण कोड आणि तिकडच्या आयातीचा पूर्ण कोड वेगळा दिसला तर घाबरू नका, पहिले सहा जुळतात का ते बघा. ही यादी दगडावरची रेघ नाही, साधारण पाच-सहा वर्षांनी बदलते. २०२२ च्या आवृत्तीत स्मार्टफोनला स्वतःचं सबहेडिंग मिळालं, ड्रोनला स्वतःचं हेडिंग मिळालं, त्याआधी ड्रोन म्हणजे उडणारा कॅमेरा म्हणायचा की छोटं विमान यावर खरोखर वाद चालायचे. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला येतेय. म्हणजे टूल जुन्या यादीवर शिकलेलं असेल तर ते अगदी आत्मविश्वासाने रद्द झालेला कोड देणार.

दुसरं म्हणजे वर्गीकरण नावावरून होत नाही. वस्तू कशाची बनलीय, करते काय, पूर्ण आहे की सुटे भाग, सेटमध्ये विकली जाते का, यावर होतं, आणि त्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत ते क्रमानेच लावायचे असतात. प्लास्टिकचा डबा आणि त्यात स्टीलचे चमचे असा सेट असेल तर मुख्य गुण कशात आहे ते ठरवावं लागतं, तुम्ही टूलला नुसतं 'किचन सेट' सांगितलंत तर ते बिचारं काय करणार.

माझ्या सुरुवातीच्या दिवसात एका कंपनीचं काम करताना यंत्राच्या रबरी रिंगा मी यंत्राचे सुटे भाग म्हणून टाकल्या होत्या, कारण इनव्हॉइसवर तसंच लिहिलेलं, पण व्हल्कनाइज्ड रबराच्या गॅस्केट आणि सील ४० व्या चॅप्टरमध्ये जातात. ते सापडेपर्यंत तसे कितीतरी कन्साइनमेंट गेले होते. मागचा सगळा फरक व्याजासकट भरावा लागला, ग्राहक तुटला, आणि तो ग्राहक छोटा होता, त्याला ते झेपणारं नव्हतं, हे मला आजही लागतं. पूर्वी असली चूक काउंटरवरच्या जुन्या जाणत्या अधिकाऱ्याच्या नजरेला तिथल्या तिथे पडायची. आता माल झटकन सुटतो आणि हिशेब नंतर बघतात, त्याला पोस्ट क्लिअरन्स ऑडिट म्हणतात, म्हणजे चूक लगेच कळत नाही, वर्षा-दोन वर्षांनी साचून येते. वेग मिळाला त्याची ही किंमत आहे, आणि ती घोषणा करणाऱ्याने मोजायची.

तर टूल वापरा, मीही वापरते, पण तीन-चार शक्यता काढण्यापुरतं. मग त्या चॅप्टरच्या सुरुवातीच्या नोट्स स्वतः वाचा, अर्ध्या भानगडी तिथेच सुटतात. आणि तोच माल वारंवार पाठवायचा असेल तर त्या देशाच्या कस्टम्सकडून ॲडव्हान्स रूलिंग घ्या, म्हणजे माल पाठवण्याआधीच लेखी निर्णय मिळतो आणि तो कस्टम्सवर बंधनकारक असतो. वाचवायचेच असतील तर ब्रोकरचे पैसे दुसरीकडे कुठेतरी वाचवा.

प्रश्न: मी हाताने केलेल्या वस्तू ऑनलाइन परदेशी ग्राहकांना पाठवते. आधी पार्सल सरळ जायची, आता ग्राहक म्हणतात दारात ड्यूटी मागितली, काही पार्सल तर परत आली. माझं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, नियम बदललेत. कमी किमतीच्या पार्सलवर ड्यूटी गोळा करायला जेवढा खर्च येतो तेवढी ड्यूटीच मिळत नाही, म्हणून बहुतेक देश एका मर्यादेखाली सूट देत आले. ही सूट पार्सलं थोडी होती तेव्हाची. ऑनलाइन खरेदीने ती इतकी वाढली की महसूल बुडतोय, तिथले दुकानदार ओरडतायत आणि पार्सलात नक्की काय आहे तेही कळत नाही अशी तिहेरी तक्रार सुरू झाली. युरोपियन युनियनने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट काढून टाकली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्यूटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी थांबवली. त्यात टपालाने जाणाऱ्या वस्तूंची माहितीसुद्धा आता आधी इलेक्ट्रॉनिक पाठवावी लागते, जागतिक टपाल संघाचा तो नियम २०२१ पासूनचा आहे, हाताने लिहिलेलं लेबल चिकटवून भागत नाही.

पार्सल परत येण्याचं कारण बरेचदा वर्णन असतं. 'गिफ्ट', 'सॅम्पल', 'वस्तू' असलं मोघम लिहू नका, 'सुती कापडाची हाताने भरतकाम केलेली पिशवी, १ नग' असं लिहा, किंमत खरी टाका, सहा आकडी कोड टाका. आणि ग्राहकाला ऑर्डरच्या वेळीच स्वच्छ सांगा की ड्यूटी तो भरणार की तुमच्या किमतीत धरलेली आहे. युरोपसाठी आयओएसएस म्हणून व्हॅट आधीच गोळा करायची सोय आहे, १५० युरोपर्यंतच्या पार्सलला चालते, मोठे ऑनलाइन बाजार ते तुमच्या वतीने करतात, स्वतःच्या वेबसाइटवरून विकत असाल तर मात्र स्वतःला बघावं लागेल. दारात अचानक पैसे मागितलेला ग्राहक परत येत नाही हो, त्याला वाटतं विकणारीनेच लपवलं.

प्रश्न: सॉफ्टवेअर, गाणी, डिझाइनच्या फाइली सीमा ओलांडतात, त्यावर कस्टम्स ड्यूटी का नाही?

कारण १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशनवर ड्यूटी लावायची नाही असं तात्पुरतं ठरवलं आणि ते 'तात्पुरतं' पुढे वेळोवेळी वाढवत नेलं. २०२४ च्या परिषदेत ते जास्तीत जास्त ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवलं होतं, त्यापुढची स्थिती पडताळून घ्या. तीच गोष्ट डिस्कवर आली तर वस्तू, डाउनलोड झाली तर नाही. अनेक विकसनशील देशांना यात महसूल जातो असं वाटतं, उलट बाजूचे म्हणतात की ड्यूटी लावली तर छोट्या धंद्यांचा डिजिटल खर्च वाढेल. मला दोन्हीत तथ्य दिसतं. देशातला व्हॅट किंवा तसला कर मात्र वेगळा विषय, तो बऱ्याच देशांत डिजिटल सेवांवर लागतोच, तेव्हा ड्यूटी नाही म्हणजे कर नाही असं धरून चालू नका.

प्रश्न: ब्लॉकचेनने हे सगळं सुटणार होतं ना, त्याचं काय झालं?

ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांकडे एकच प्रत असलेली, गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये शिपिंगच्या माहितीसाठी त्यावर चालणारं ट्रेडलेन्स आणलं, मोठमोठी बंदरं, कस्टम्स खाती, दुसऱ्या जहाज कंपन्याही आल्या, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ते बंद करत असल्याचं जाहीर झालं, पुरेसं जागतिक सहकार्य मिळालं नाही असं कारण दिलं गेलं. तंत्र चालत होतं. पण आपला धंद्याचा डेटा प्रतिस्पर्ध्याने काढलेल्या प्लॅटफॉर्मवर ठेवायचा का, ही शंका कोणाच्याही मनात येणारच. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून फॉर्मॅट आणि नियम ठरवायचे आणि ज्याने त्याने आपली सिस्टिम वापरायची, हा आताचा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न: पुरवठादाराचा ईमेल आला की बँक खातं बदललंय, नव्या खात्यात पैसे पाठवा. पत्ता त्याचाच वाटतो, प्रोफॉर्मा इनव्हॉइसही (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) बरोबर आहे. पाठवू का?

नका. आज तरी नका पाठवू.

ही फसवणूक करणारे बरेचदा तुमच्या किंवा त्याच्या मेलबॉक्समध्ये आठवडेच्या आठवडे बसून असतात, ऑर्डर नंबर, रक्कम, बोलण्याची पद्धत सगळं वाचतात आणि पैसे द्यायची वेळ आली की मधे शिरतात. ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर बदललेलं असतं, कधी तेही नसतं, खरंच त्याच्याच खात्यातून आलेला असतो. त्या मेलला रिप्लाय करून खात्री करणं म्हणजे चोरालाच विचारणं, आणि त्यात दिलेल्या नंबरवरही फोन करू नका. जुन्या करारावर, व्हिजिटिंग कार्डावर जो नंबर आहे त्यावर, ज्याचा आवाज ओळखता त्या माणसाशी बोला आणि खातं नंबर त्याच्या तोंडून ऐका. पुढच्या करारात एक ओळच टाकून ठेवा की खातेबदल केवळ ईमेलवर ग्राह्य धरला जाणार नाही.

सिस्टिममध्ये घुसणाऱ्यांचा त्रास मोठ्यांनाही चुकलेला नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्कसारख्या कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पडले, बंदरांच्या गेटवर ट्रकच्या रांगा लागल्या, कोणाचा कंटेनर कुठला तेच कळेना, आणि नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. त्याच्या काही वर्षं आधी अँटवर्प बंदरात अमली पदार्थवाल्यांनी कंपन्यांच्या सिस्टिममध्ये घुसून कंटेनर सोडायची माहिती चोरली होती आणि खऱ्या मालकाच्या आधी आपले ड्रायव्हर पाठवून माल उचलत होते. म्हणून बंदरातून कंटेनर सोडवायचा रिलीजचा पिन कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा, ज्या ड्रायव्हरला हवा त्यालाच द्या.

आणि असाच मेल येऊन कोणी पैसे आधीच पाठवून बसलं असेल तर पत्र लिहून उत्तराची वाट बघू नका, लगेच बँकेला फोन करून पैसे परत मागवायची विनंती लेखी द्या, समोरच्या बँकेलाही कळवायला लावा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे कधीकधी अडवता येतात, पुढच्या खात्यात गेले की फार अवघड होतं.